घनता १.०३८ वरच का थांबली? ऑल-ग्रेन ब्रूइंग शिकतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या एका मित्राचं आहे. त्याच्या संमतीने लिहितो आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, आकडे मात्र त्याच्या वहीतले आहेत. घरी बिअर करण्याचे नियम देशागणिक बदलतात. तो राहतो तिथे त्याला मुभा आहे हे त्याने पहिलं भांडं घेण्याआधीच पाहून ठेवलं होतं.

बराच काळ तो एक्स्ट्रॅक्टची बिअर करत होता. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे कारखान्यात माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून (बहुधा बार्ली), काढून आटवलेला पाक किंवा त्याची पावडर. ती पाण्यात विरघळवायची, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) घालून उकळायची, थंड करायची आणि यीस्ट घालायचं. या पद्धतीत त्याचा हात चांगला बसला होता. भांडी निर्जंतुक करणं, फर्मेंटेशनचं तापमान सांभाळणं, बाटल्या भरणं यांत त्याला कुणाची मदत लागत नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे बिघडलं ते सगळं यीस्ट घालण्याच्या आधीचं होतं.

ऑल-ग्रेनमध्ये पाक विकत न आणता आपणच काढायचा असतो. माल्ट भरडायचं आणि साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजत ठेवायचं. यालाच मॅश म्हणतात. धान्यातलीच एन्झाइम्स या वेळात स्टार्चची साखर करतात. मग गोड पाणी, म्हणजे वर्ट, निथळून घ्यायचा. चोथ्यात अडकलेली साखर ७५ अंशांच्या आसपासच्या पाण्याने धुऊन काढायची, हा स्पार्ज. दोन्ही एकत्र करून उकळायला ठेवायचं. यापुढचं सगळं त्याच्या ओळखीचंच होतं.

त्याने सामानही साधंच जमवलं. तळाशी जाळीची नळी आणि बाहेर तोटी बसवलेली, झाकणाची इन्सुलेटेड पेटी, ३० लिटरचं पातेलं, वर्ट थंड करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं. माल्ट त्याने विक्रेत्याकडूनच भरडून घेतलं. सुरुवात करणारे बहुतेक जण हेच करतात आणि त्यात गैर काहीच नाही.

अडचण

रेसिपी २० लिटरची होती. साडेचार किलो माल्ट, त्यात बहुतांश फिकं पेल आणि रंग-गोडीसाठी थोडं क्रिस्टल. मॅशला १३.५ लिटर पाणी, म्हणजे किलोमागे तीन लिटर. धान्य २२ अंशांवर होतं, म्हणून पाणी ७३ अंशांवर नेऊन ओतलं आणि मॅश ६७ वर स्थिरावला. तासाभराने आयोडीनचा थेंब टाकून पाहिला. रंग निळा-काळा झाला नाही, म्हणजे स्टार्च संपला असं त्याने धरलं. निथळलं, धुतलं, उकळलं, थंड केलं. घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर (साधं पाणी १.०००) १.०५० अपेक्षित होते, दिसले १.०३८.

या फरकाचा अर्थ नीट लावायला हवा. एक किलो पेल माल्टमधली सगळी साखर निघाली, तर ती १० लिटर पाण्याची घनता साधारण ३० पॉइंटांनी, म्हणजे १.००० वरून १.०३० पर्यंत, वाढवते. म्हणजे किलोमागे ३०० पॉइंट, आणि साडेचार किलोंत १३५०. त्याच्या फर्मेंटरमध्ये २० लिटर गुणिले ३८, म्हणजे ७६० पॉइंट पोचले. उतारा, म्हणजे निघू शकणाऱ्या साखरेपैकी हाती आलेला वाटा, ५६ टक्के. रेसिपीने ७५ टक्के धरला होता.

त्या दिवशीच त्याला पहिला निर्णय घ्यावा लागला होता. उकळी येण्याआधी पातेल्यातून नमुना घेतला तेव्हा घनता १.०२२ दिसली आणि तो हादरला. पण तो आकडाच खोटा होता. आधी निथळलेला दाट वर्ट तळाशी बसतो, स्पार्जचं पातळ पाणी वर तरंगतं, आणि नमुना त्याने ढवळण्याआधी वरूनच घेतला होता. त्या भरात तो घरातली एक्स्ट्रॅक्टची पावडर ओतणार होता. ओतली नाही हे बरं केलं. पावडर घालून तेवढा ब्रू वाचला असता, पण नेमकं किती कमी पडलं हे कळायची सोय राहिली नसती. फर्मेंटेशननंतर ती बिअर १.००९ ला उतरली, अल्कोहोल ३.८ टक्क्यांच्या आसपास. हलकी आणि स्वच्छ झाली, प्यायला काहीच वाईट नव्हती.

दुसरा ब्रू

त्याने बराच शोध घेतला आणि दर ठिकाणी त्याला वेगळं उत्तर मिळालं. म्हणून पुढच्या ब्रूमध्ये त्याने सगळीच उत्तरं एकदम वापरली. माल्ट पाच किलो, मॅश दीड तास, स्पार्जला चार लिटर जास्तीचं पाणी, आणि ते आटवण्यासाठी उकळीचा वेळ वाढवला. घनता १.०४६ आली.

आकडा सुधारला, बिअर बिघडली. घोटानंतर जिभेवर कोरडा तुरटपणा राहायचा, चहाची पत्ती जास्त वेळ उकळल्यावर येतो तसा. आणि चारांपैकी कोणत्या बदलाने आकडा वाढला, कोणत्याने चव गेली, हे त्याला सांगता येईना. त्या टप्प्यावर त्याने मला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न होता, "पंपवालं तयार यंत्र घेऊन टाकू का?"

तोलून पाहिलेले पर्याय

यंत्राला मी लगेच नको म्हटलं. पंप वर्ट फिरवतो, तापमान सारखं राखतो, पण माल्टच्या दाण्यातला स्टार्च बाहेर येत नसेल तर तो तिथेही येणार नाही.

माल्ट वाढवणं हा सगळ्यांत सोपा मार्ग आणि अनेक अनुभवी लोक तोच सुचवतात. उतारा दर वेळी ५६ टक्केच येणार असेल, तर त्या हिशेबाने माल्ट घ्यावं आणि निर्धास्त राहावं. माझाही या विचाराला विरोध नाही. घरच्या ब्रूमध्ये उतारा किती आहे यापेक्षा तो दर वेळी तोच येतो का याला जास्त महत्त्व आहे. पण कारण माहीत नसताना तो तसाच येत राहील याची खात्री कशी द्यायची? विक्रेत्याने पुढच्या वेळी गिरणीची फट बदलली तर सगळा हिशेब कोलमडणार.

बाकीच्या शक्यता अशा होत्या की थर्मामीटर चुकीचा असेल, पाण्याच्या क्षारतेमुळे मॅशचा पीएच वर गेला असेल, भरड जाडी असेल, साखर तयार होऊनही चोथ्यात अडकून राहत असेल, किंवा मुळात २० लिटर हे २० लिटर नसतीलच. शेवटची शक्यता लोक विसरतात. बादलीवर छापलेल्या रेघांवर विसंबायचं नसतं, आणि उकळता वर्ट थंड होताना जवळपास चार टक्क्यांनी आक्रसतो.

या सगळ्या शक्यतांचे दोनच गट पडतात. एक, मॅशमध्ये साखर तयारच झाली नाही. दोन, साखर तयार झाली पण पातेल्यापर्यंत पोचली नाही. पहिल्या गटाला दुसऱ्याचं औषध लागू पडत नाही. साखरच तयार झाली नसेल तर चोथा कितीही धुतला तरी त्यातून टरफलातलं टॅनिन तेवढं निघतं. दुसऱ्या ब्रूमध्ये हेच घडलं असावं असा माझा अंदाज होता, पण अंदाजावर माल्ट खर्च करायचं नव्हतं.

फक्त मोजण्यासाठी केलेला ब्रू

मी त्याला सुचवलं की पुन्हा पहिलीच रेसिपी कर, त्याच पोत्यातलं भरडलेलं माल्ट वापर, काही सुधारू नकोस, फक्त मोज. त्याला हे पटायला वेळ लागला. "बिघडणार हे माहीत असून पुन्हा तेच करायचं?" असं तो म्हणाला. मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हाच होता आणि तो त्याने मनाविरुद्ध का होईना, घेतला.

तयारी आदल्या दिवशी झाली. पातेल्यात वजन करून एकेक लिटर पाणी ओतलं आणि लाकडी पट्टीवर खुणा केल्या. थर्मामीटर बर्फ-पाण्यात शून्य दाखवत होता आणि माझ्या थर्मामीटरशी ६७ अंशांवर ताडला तर एका अंशापेक्षा कमी फरक होता. तो संशय मिटला. स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइम्सपैकी बीटा अमायलेज ६२ ते ६५ अंशांना जोमात असतं आणि अल्फा ७० च्या आसपास, त्यामुळे अर्ध्या-एक अंशाने बिअरचा कोरडेपणा किंचित बदलेल, पण बारा पॉइंट हरवणार नाहीत.

मॅशच्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी पेटी नीट ढवळून चमचाभर वर्ट काढायचा, तो २० अंशांपर्यंत थंड करायचा आणि मग मोजायचा असं ठरलं. थंड करण्यावर मी अडून बसलो होतो. ६० अंशांच्या वर्टमध्ये हायड्रोमीटर १५-१६ पॉइंट कमी दाखवतो, आणि गरम वर्टमध्ये काच तडकायची भीती असते ती वेगळीच. थोड्या नमुन्यासाठी त्याने माझा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर वर्टवरून घनता सांगणारं उपकरण) नेला.

किलोमागे तीन लिटर पाणी असताना सगळा स्टार्च साखरेत बदलला, तर स्पार्जच्या आधीच्या वर्टची घनता १.०८५ च्या आसपास जायला हवी. हा आकडा धान्याच्या आणि पाण्याच्या प्रमाणावरूनच निघतो. पेटी, नळी, तोटी कशीही असो, त्याच्याशी याचा संबंध नाही. म्हणूनच निदानाला तो इतका उपयोगी पडतो. मित्राच्या मॅशने तासाभराने १.०५९ दाखवले. दीड तासाने १.०६४, आणि अजूनही हळूहळू चढतच होता.

म्हणजे पहिला गट. तासाभरात स्टार्चपैकी साधारण दोन तृतीयांशच साखर झाली होती. तयार झालेल्या साखरेपैकी ८५ टक्के पातेल्यात येत होती, म्हणजे निथळणं आणि धुणं ठीकच होतं. मोजण्यासाठी मॅश दीड तास चालू ठेवल्यामुळे हा ब्रू १.०४२ ला संपला. दुसऱ्या ब्रूचं कोडंही सुटलं. पाच किलो माल्ट आणि दीड तास एवढं धरलं तरी गणित थेट १.०४६ वर येतं. जास्तीच्या चार लिटर स्पार्जने घनतेत जवळपास काहीच भर घातली नव्हती.

मग आयोडीनने आधी सगळं संपल्याचं का दाखवलं? कारण त्याने थेंब टाकला तो निथळ वर्टमध्ये. वर्टमध्ये उतरलेल्या स्टार्चची साखर झालेलीच असते. प्रश्न न उतरलेल्या स्टार्चचा होता, आणि तो दाण्याच्या आत बसला होता. मी त्याला चोथ्यातले दाणे उचलून नखाने दाबून बघायला सांगितलं. पूर्ण मॅश झालेला दाणा नखाखाली नुसतं पोकळ टरफल उरतो. त्याच्या चोथ्यात कित्येक दाणे अखंड होते आणि टोकाशी खडूसारखा पांढरा, कडक खडा लागत होता. कोरड्या पोत्यात हात घालून पाहिला तेव्हाही अखंड दाणे सापडले. विक्रेते गिरणीची फट थोडी मोठी ठेवतात, कारण बारीक भरडीने कुणाचा मॅश तुंबला तर तक्रार त्यांच्याकडे येते. त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही.

थर्मासमधली चाचणी

खरं तर इथेच थांबून गिरणी घेता आली असती. पण मॅशचा पीएच ५.७ निघाला होता. तो ५.२ ते ५.६ मध्ये असावा असं मानतात. त्यामुळे मित्राला शंका होती की दोष पाण्याचाच असेल. शंका रास्त होती. पूर्ण ब्रू न घालवता ती मिटवायला आम्ही एक लिटरचे दोन थर्मास घेतले. दोन्हींत २५० ग्रॅम माल्ट आणि ७५० मिली तेच पाणी, तापमान तेच. एकात माल्ट आहे तसं, दुसऱ्यात तेच माल्ट माझ्या दोन रोलरच्या गिरणीतून एक मिलिमीटरच्या फटीतून पुन्हा काढलेलं. तासाभराने पहिल्यात १.०५८, दुसऱ्यात १.०७९.

वाद उरला नाही. पाणी तेच असून एकवीस पॉइंटांचा फरक भरडीने पडला होता. एका दुपारचं काम आणि अर्धा किलो माल्ट. मला विचाराल तर या संपूर्ण प्रकरणात सर्वांत उचलण्यासारखी गोष्ट हीच आहे.

दुरुस्ती आणि निकाल

पुढच्या ब्रूमध्ये एकच बदल केला, भरड. पीएचही त्याच वेळी सुधारून घ्यायचा मोह त्याला झाला होता, पण तो त्याने आवरला. तासाच्या मॅशनंतर १.०८० आले. मग निथळायला तोटी उघडली आणि धार आधी जोरात, मग थेंब थेंब, मग बंद.

बारीक भरडीचा हा ठरलेला धोका आहे. त्याने तोटी पूर्ण उघडली होती. वर्टच्या ओढीने धान्याचा थर जाळीवर घट्ट बसला. इथे लोक घाबरून पेटी उपसायला लागतात. त्याने तोटी बंद केली, थर तळापर्यंत ढवळून मोकळा केला, दहा मिनिटं बसू दिला आणि तोटी अगदी थोडी उघडली. सुरुवातीचा गढूळ वर्ट दोन-तीन भांडी भरून पुन्हा वरून ओतला, धार स्वच्छ झाल्यावर पातेल्यात सोडली. त्याला वेळ जास्त लागला, पण पुन्हा तुंबलं नाही. तरीही तुंबत राहिलं असतं तर मॅशमध्ये तांदळाचा टरफली कोंडा मिसळायचा उपाय होता. त्यात साखर नसते, तो नुसता थर मोकळा ठेवतो.

शेवटी १.०५३, उतारा ७९ टक्के. आता आकडा लक्ष्याच्या वर गेला होता. तसाच ठेवावा की पाणी घालावं? हॉप्सचा कडूपणा १.०५० च्या हिशेबाने ठरवलेला होता. २० लिटर गुणिले ५३ म्हणजे १०६०, भागिले ५०, म्हणजे २१.२ लिटर. त्याने १.२ लिटर उकळून गार केलेलं पाणी फर्मेंटरमध्ये घातलं. यामुळे कडूपणाही थोडा पातळ झाला, पण गोडी आणि कडूपणा यांचं प्रमाण तेच राहिलं. मला हा निर्णय आवडला. १९ अंशांवर फर्मेंट होऊन घनता १.०१२ वर थांबली आणि काही दिवस तिथेच राहिली, मग लिटरमागे सहा ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या. अल्कोहोल पाच टक्के. तुरटपणा कुठेही नव्हता.

पीएच त्याने त्यानंतरच्या ब्रूमध्ये हाताळला. थोड्या लॅक्टिक आम्लाने तो ५.४ वर आणला. उताऱ्यात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही, पण चव अधिक गोलाईची आणि हॉप्सचा कडूपणा कमी खरखरीत लागला. दोन्ही बदल एकाच दिवशी केले असते, तर श्रेय पाण्याला गेलं असतं आणि तो आजही गिरणीविना आम्लाच्या बाटल्या मोजत बसला असता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच ब्रूमध्ये स्पार्जआधीच्या वर्टची घनता नोंदवली असती, तर पुढचे दोन ब्रू वाचले असते. या एका नमुन्याला पाच मिनिटं लागतात. तरी नवख्यांच्या रेसिपींत तो क्वचितच लिहिलेला असतो, शेवटची घनता मात्र सगळ्याच सांगतात. शेवटच्या घनतेवरून कमी पडलं एवढंच कळतं. कुठे कमी पडलं ते समजत नाही.

स्पार्ज कुठे थांबवायचा हेही दुसऱ्या ब्रूमध्ये मोजूनच ठरवायला हवं होतं. निथळ १.०१० च्या खाली गेला आणि पाणी क्षारयुक्त असेल, तर पीएच चढतो आणि टरफलातून टॅनिन सुटायला लागतं. त्यापुढचे लिटर घेण्यापेक्षा थोडं माल्ट जास्त टाकणं कधीही परवडतं.

गिरणी विकत घ्यायलाच हवी होती का, यावर आमचं अजून एकमत नाही. माझं म्हणणं, विक्रेत्याला माल्ट दोनदा भरडून द्यायला सांगितलं असतं तरी काम झालं असतं. तो म्हणतो, दर वेळी फट तीच राहील याचा भरवसा त्याला स्वतःच्या हातात हवा होता, आणि अखंड माल्ट जास्त दिवस टिकतं. त्याची बाजू मला पटते. पण थर्मासची चाचणी झाल्यावर त्याने गिरणी घेतली म्हणून पटते. त्या पहिल्या फोननंतर लगेच यंत्र घेतलं असतं, तर पटली नसती.

आता तो १.०५० साठी सव्वाचार किलो माल्ट घेतो. पेटीच्या तळाशी तोटीच्या पातळीखाली दीडेक लिटर वर्ट अजूनही अडकतो, म्हणून धुण्याचा टप्पा ८५ टक्क्यांवर आहे. नळी खाली वाकवली तर तो थोडा वर जाईल. ते त्याने मुद्दाम पुढे ढकललं आहे. आधी हीच रेसिपी याच भरडीवर पुन्हा करून घनता जागच्या जागी येते का ते बघायचं, मग नळीला हात लावायचा, असं त्याने वहीत लिहून ठेवलं आहे.